बीप वाजली म्हणजे शॉर्ट नव्हे

ग्राफिक्स कार्ड मरतं ते साधारण दोन तऱ्हांनी. एका तऱ्हेत कॉम्प्युटर सुरूच होत नाही. बटण दाबावं तर पंखे जेमतेम थरथरतात, एसएमपीएसमधून ‘टक्’ असा आवाज येतो आणि सगळं ठप्प. कार्ड काढून ठेवलं की तोच कॉम्प्युटर निमूट सुरू होतो. दुसऱ्या तऱ्हेत कॉम्प्युटर सुरू होतो, कार्डचे पंखेही फिरतात, कधी तर उगाच जोर लावून फिरतात, पण पडदा काळाच. मदरबोर्डच्या डिस्प्लेला वायर लावून पाहिलं, तर विंडोजच्या लेखी असं काही कार्ड बसवलेलंच नाही.

मालकाला धडकी भरते ती पहिल्या तऱ्हेने. धूर, जळका वास, ठिणगी हा सगळा तमाशा तिथलाच. दुरुस्तीच्या टेबलावरचा अनुभव मात्र पुष्कळदा उलटा असतो. तमाशा करून मेलेलं कार्ड एखाद्या फुटकळ किमतीच्या कपॅसिटरवर परत उठतं आणि शांतपणे मेलेलं कार्ड तपासता तपासता शेवटी भंगारात जातं. याचं कारण समजायचं, तर कार्डच्या पोटात वीज कशी वाटली जाते ते आधी पाहायला हवं.

उदाहरणाला एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० टीआय घेऊ. मार्च २०१७मध्ये आलेलं हे कार्ड आज जुनं झालं असलं, तरी सेकंडहँड बाजारात अजून दिसतं. त्याची भूक २५० वॅटची. मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या वायरीतून १५०. या कार्डच्या मूळ रचनेत दोन्ही वायरी लागतात. तिन्ही वाटांनी येतात ते १२ व्होल्ट. स्लॉटमधून थोडे ३.३ व्होल्टही येतात, पण ते किरकोळ कामांसाठी.

मुख्य चिपला मात्र १२ व्होल्ट नको असतात. ४७१ चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर तिथे १,२०० कोटी ट्रान्झिस्टर बसवलेले आहेत. त्यांना दाब लागतो एका व्होल्टच्या आसपास आणि प्रवाह लागतो भर कामात दीडशे-दोनशे अँपिअर. मेमरीच्या ११ चिपा १.३५ व्होल्टवर चालतात. बायॉस चिप आणि मुख्य चिपचे काही भाग १.८ व्होल्टवर. स्लॉटशी देवाणघेवाण करणाऱ्या भागाला साधारण एक व्होल्टची वेगळी लाइन असते, तिला कारागीर ‘पेक्स’ म्हणतात. नियंत्रण करणाऱ्या छोट्या चिपांना ५ व्होल्ट. म्हणजे हाताच्या पंजापेक्षा थोड्याच मोठ्या पाटीवर अर्धा डझन वेगवेगळ्या लाइनी नांदतात आणि ग्राउंड मात्र सगळ्यांचं एकच. यातली एखादी लाइन ग्राउंडला किंवा शेजारच्या लाइनीला नको तिथे चिकटली, की झाला शॉर्ट.

या लाइनी एकदम जाग्या होत नाहीत. आधी ५ आणि ३.३, मग १.८, मग कोअर (म्हणजे मुख्य चिप), पेक्स आणि मेमरी, असा काहीसा क्रम असतो. तो कार्डागणिक बदलतो, पण आधीची लाइन ठीक उठल्याचा इशारा मिळाल्याशिवाय पुढची उठत नाही, हे तत्त्व सगळीकडे सारखं. त्यामुळे १.८च्या लाइनीवर शॉर्ट असेल, तर कोअरला वीज मिळतच नाही. तिथला छोटा रेग्युलेटर प्रवाह वाढल्याचं ओळखतो आणि स्वतःच गप्प बसतो. १२ व्होल्टची बाजू निरोगी असल्यामुळे एसएमपीएसला काही कळत नाही. मरणाची दुसरी तऱ्हा ती हीच.

१२ व्होल्टचा १ व्होल्ट करण्याचं काम दोन मॉसफेट आणि एक कॉइल मिळून करतात. वरचा मॉसफेट कॉइलला १२ व्होल्टशी जोडतो, खालचा तिला ग्राउंडशी जोडतो. दोघांची उघडझाप आळीपाळीने, सेकंदाला काही लाख वेळा चालते. बाराचा एक करायचा म्हणजे वरचा मॉसफेट एकूण वेळेच्या साधारण बाराव्या हिश्शापुरताच चालू राहतो. त्यातून निघणारे धक्के कॉइल आणि पुढचे कपॅसिटर सपाट करतात. अशा एका संचाला फेज म्हणतात आणि कोअरसाठी असे अनेक फेज खांद्याला खांदा लावून काम करतात.

आता यातला वरचा मॉसफेट शॉर्ट झाला, तर काय होईल? एका व्होल्टवर जगणाऱ्या चिपवर १२ व्होल्ट थेट येऊन आदळतील. नियंत्रक चिपकडे अशा वेळी एकच उपाय असतो. खालचे सगळे मॉसफेट चालू करून ती आलेला दाब ग्राउंडमध्ये ढकलते. त्यामुळे एसएमपीएसला शॉर्ट दिसतो आणि तो बंद पडतो. एवढ्या अवधीत कोअर कधी वाचतो, कधी नाही. याउलट १२ व्होल्टच्या प्रवेशद्वारावरचा कपॅसिटर शॉर्ट झाला, तर वीज पुढे जातच नाही. एसएमपीएस तिथल्या तिथे हात वर करतो आणि मागच्या महागड्या चिपांना ओरखडाही उठत नाही. तमाशा करणारं मरण बरं म्हटलं ते यासाठी. पण ‘बरं’ म्हणण्याआधी या दोहोंतलं काय घडलंय ते ओळखावं लागतं आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

ओळखायचं साधन म्हणजे मल्टिमीटर. कार्ड कॉम्प्युटरमधून बाहेर काढायचं, काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब लाइनीला. नवशिका इथे मीटर बीपवर ठेवतो आणि तिथेच फसतो. मीटरमधली बीप साधारण ३० ते ५० ओहमच्या खाली काहीही सापडलं की वाजते. वायर तुटली आहे का, एवढंच पाहण्यासाठी ती सोय केलेली असते. धडधाकट १०८० टीआयच्या कोअरच्या कॉइलला प्रोब लावला तरी बीप वाजणार, कारण एवढ्या मोठ्या चिपचा निरोगी अवस्थेतला रोधच एक ओहमच्या आत असतो. १,२०० कोटी ट्रान्झिस्टरांतून प्रत्येकी कणभर गळती झाली, तरी बेरीज मोठी होते. भर कामात दोनशे अँपिअर ओढणाऱ्या वस्तूने मीटरपुढे हजारो ओहमचा आव आणावा, ही अपेक्षाच चुकीची. मेमरीच्या लाइनीवरही बीप वाजू शकते, तिथला रोध काही दहा ओहमांत असतो. पेक्स त्याच्याही खाली जाऊ शकते. बीपवर विसंबून चांगलं कार्ड ‘कोअर शॉर्ट’ म्हणून परत पाठवणारे महाभाग आजही कमी नाहीत.

म्हणून बीप सोडून ओहमचा आकडा वाचायचा आणि तो त्या लाइनीच्या निरोगी आकड्याशी ताडून पाहायचा. १२ व्होल्टच्या लाइनीवर शेकडो ते हजारो ओहम अपेक्षित असतात, तिथे दोन ओहम दिसले तर विषय संपला, शॉर्ट आहे. १.८च्या लाइनीवर शेकड्यांत रोध हवा असताना आठच ओहम दिसले, तर कारागिरांच्या भाषेत तो ‘हाफ शॉर्ट’. रेग्युलेटर धापा टाकत चालेल किंवा बसेल, पण गळती नक्की आहे. जाणते दुरुस्तीवाले प्रत्येक मॉडेलचे निरोगी आकडे वहीत टिपून ठेवतात. ती वही नसेल, तर त्याच मॉडेलचं दुसरं चालू कार्ड शेजारी ठेवून मोजणं हाच खात्रीचा मार्ग. मीटर बदललं तर आकडाही थोडा बदलतो, कारण प्रत्येक मीटर वेगळ्या दाबाने मोजतं आणि सिलिकॉनचा रोध दाबाप्रमाणे हलतो. तुलना करायची ती एकाच मीटरने.

आणखी दोन सापळे इथे असतात. प्रोब टेकवताच आकडा शून्याजवळ दिसतो आणि मग हळूहळू चढत जातो, तेव्हा तो शॉर्ट नसतो. लाइनीवरचे मोठे कपॅसिटर मीटरच्या विजेने भरत असतात, एवढंच. थांबायचं. उलट आकडा एका जागी ठरतच नसेल, कधी चारशे, कधी दीडशे, तर सुट्या भागांवर संशय घेण्याआधी पाटी स्वच्छ करावी. ओल, गंज किंवा आधीच्या दुरुस्तीचं जळकं फ्लक्स आकडा असा नाचवतं. कोकणातून, मुंबईतून पावसाळ्यानंतर आलेल्या कार्डवर पिनांच्या मुळाशी हिरवट-पांढरी पूड बसलेली दिसते. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, नीट वाळवून पुन्हा मोजलं की कधी कधी आजारच नाहीसा झालेला असतो.

१२ व्होल्टचे तीन प्रवेश वेगवेगळे मोजायचे, कारण स्लॉट, सहा पिना आणि आठ पिना यांच्या वाटा कार्डवर बहुधा स्वतंत्र असतात आणि वेगवेगळ्या फेजना वीज देतात. आठ पिनांच्या वाटेवर शॉर्ट आणि बाकीच्या दोन ठणठणीत, असं निघालं की शोधायची जागा एकदम अर्ध्याहून कमी होते. प्रत्येक वाटेवर काही मिलिओहमचा एक जाड शंट रेझिस्टर असतो, काही कंपन्यांच्या कार्डांवर फ्यूजही. फ्यूज उडाला असेल, तर त्याच्या दोन्ही बाजू मोजाव्यात. उडालेला फ्यूज बदलून कार्ड चालू करणं म्हणजे नवा फ्यूज उडवण्याची सोय करणं, कारण तो उडवणारा आत तसाच बसलेला असतो.

यापुढची पायरी बरेचजण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कार्डं तिथेच हकनाक मरतात. प्रत्येक लाइन ग्राउंडशी मोजून झाली, की १२ व्होल्ट आणि कोअर यांच्यामधला रोधही मोजायचा. समजा, १२ व्होल्ट ते ग्राउंड अर्धा ओहम दिसतोय. इनपुटचा कपॅसिटर गेला, असं वाटतं. पण वरचा मॉसफेट शॉर्ट असेल तरी नेमका हाच आकडा दिसणार, कारण १२ व्होल्टची लाइन मॉसफेटमधून कोअरला चिकटलेली आणि कोअरचा स्वतःचा निरोगी रोध अर्धा ओहम! शॉर्ट दिसतो तो ग्राउंडशी, असतो मात्र कोअरशी. अशा वेळी ‘१२ची लाइन आहे, १२ व्होल्ट देऊन बघू’ म्हणून बाहेरून वीज सोडली, तर तोवर जिवंत असलेला कोअर दुरुस्ती करणाऱ्याच्याच हातून मरतो. १२ व्होल्ट आणि कॉइल यांमध्ये मीटर लावून पाहायला दहा सेकंद लागतात.

शॉर्ट आहे हे ठरलं, पण तो कुठे आहे? इथून खरी मेहनत सुरू होते. एका लाइनीवर पन्नास-शंभर कपॅसिटर समांतर जोडलेले असतात. त्यांतला एक फुटला, तर मीटर त्या शंभरांवरही तोच आकडा दाखवतं. एका टाकीवर शंभर नळ आहेत आणि पाणी कुठूनतरी गळतंय, पण दाब सगळीकडे सारखाच कमी, तसली ही अवस्था. एकेक कपॅसिटर उपटून पाहणं हा उपाय नव्हे. चांगले भाग तापून-उखडून जातात आणि पाटीचे तांब्याचे पॅड निघून येतात.

यावर सगळ्यात प्रचलित उपाय म्हणजे बाहेरून वीज सोडून तापणारा भाग शोधणं. डीसी पॉवर सप्लायवर दाब आणि प्रवाह, दोन्हींची मर्यादा बांधायची आणि ती वीज शॉर्ट झालेल्या लाइनीला द्यायची. दाब त्या लाइनीच्या नेहमीच्या दाबापेक्षा कधीही जास्त नको. सुरुवात एक व्होल्टच्या आसपास किंवा त्याखालीच करावी. वीज सगळ्यात सोपी वाट धरते, म्हणजे शॉर्ट झालेल्या भागातून धावते, आणि तो भाग तापतो. थर्मल कॅमेऱ्यात तो ठिपक्यासारखा उजळतो. मोबाइलला जोडायचे छोटे थर्मल कॅमेरे आल्यापासून हे काम फार सोपं झालं. कॅमेरा नसेल तर पाटीवर आयसोप्रोपिल ओतायचं आणि ते आधी कुठे उडून जातं ते पाहायचं. मोबाइल दुरुस्त करणारे राळेचा धूर देऊन पाटीवर पांढरा थर बसवतात आणि तो कुठे वितळतो ते बघतात. तीही पद्धत इथे उत्तम चालते. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा आसपास सोल्डरिंग आयर्न तापत ठेवू नये, एवढं लक्षात असू द्यावं.

पण हा उपाय हमखास नाही आणि का नाही, ते गणित करून पाहण्यासारखं आहे. जूलचा नियम सांगतो की उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. शॉर्टचा रोध ०.०५ ओहम असेल आणि आपण पाच अँपिअर सोडले, तर सव्वा वॅट उष्णता निघते. एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद कपॅसिटरला सव्वा वॅट म्हणजे भट्टीच. पापणी लवेपर्यंत तो दिसेल. आता शॉर्ट अगदी पक्का आहे, रोध ०.००५ ओहम. तेच पाच अँपिअर, आणि उष्णता फक्त ०.१२५ वॅट, तीही आजूबाजूचं तांबं पिऊन टाकणार. सप्लायच्या वायरींचा आणि चिमट्यांचा रोध याच्या दहापट असतो. मग तापतात त्या वायरी, शॉर्ट थंडच राहतो. ‘फुल शॉर्ट’ सापडायला सोपा आणि ‘हाफ शॉर्ट’ अवघड, हा बाजारातला समज इथे उलटा पडतो. वायरी जाड घ्यायच्या, चिमटे न लावता लाइनीवर थेट सोल्डर करायच्या, म्हणजे निदान आपली उष्णता आपल्याच वायरीत वाया जात नाही.

एवढं करूनही काही दिसलं नाही, तर उष्णतेचा नाद सोडून मिलिव्होल्ट वाचायचे. ही माझी सगळ्यात आवडती पद्धत आणि तिला साधं मीटर पुरतं. पाटीवरच्या तांब्याचा नेहमीचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. अशा थरातल्या कोणत्याही चौरसाचा एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रोध सुमारे अर्धा मिलिओहम येतो, मग चौरस लहान असो की मोठा. पाच अँपिअर वाहत असतील, तर दर चौरसामागे अडीच मिलिव्होल्ट गळतात. २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर साधं मीटर मिलिव्होल्टचा दहावा भागही दाखवतं. वीज चालू ठेवून एकेका कपॅसिटरच्या दोन टोकांमधला दाब मोजत जायचं. वीज जिथे सोडली तिथे तो सर्वांत जास्त असतो, शॉर्टकडे जाल तसा उतरत जातो आणि जिथे सर्वांत कमी भरतो, तिथे गुन्हेगार बसलेला असतो. उतार संपला आणि पुढे आकडा तसाच राहिला, म्हणजे आपण शॉर्ट ओलांडून पुढे आलो.

हीच युक्ती कोअरच्या निदानालाही लागते. साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध ०.१ ते ०.३ ओहम असतो आणि मीटरचा शेवटचा अंक ०.१चा. कोअर ०.३ ओहमचा आहे की ०.०चा, हा जीवनमरणाचा प्रश्न त्या मीटरच्या चुकीतच हरवतो. म्हणून प्रवाह एका जोडवायरीने द्यायचा आणि दाब दुसऱ्या जोडीने थेट कोअरच्या कपॅसिटरवर मोजायचा. एक अँपिअर सोडून ३०० मिलिव्होल्ट दिसले, तर रोध ०.३ ओहम. दोनच मिलिव्होल्ट दिसले, तर शॉर्ट. वायरींचा रोध हिशेबातून आपोआप बाद होतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६१मध्ये अत्यल्प रोध मोजण्यासाठी ब्रिज तयार केला, त्यामागची कल्पना हीच. वायर आणि सांध्याचा रोध मोजणीत शिरू द्यायचा नाही.

गुन्हेगार कोण निघतो? पुष्कळदा सिरॅमिक कपॅसिटर. बेरियम टायटेनेटचे काही मायक्रॉनचे पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये निकेलचे थर, असे शेकडो थर दाबून-भाजून हा तिळाएवढा तुकडा बनतो. भाजलेल्या मातीसारखाच तो वाकणं सहन करत नाही. पाटी जरा वाकली, की सोल्डरच्या कडेपासून आत तिरपी चीर जाते. ती बाहेरून दिसत नाही आणि लगेच काही होतही नाही. महिन्यांनी, वर्षांनी चिरेत ओल शिरते, थरांमधून वीज निसटू लागते आणि एक दिवस दोन थर एक होतात. अलीकडची मोठी कार्डं दोन किलोच्या पुढे गेली आहेत आणि ती आडवी, एका बाजूने लोंबकळत असतात. स्लॉटजवळचे कपॅसिटर का फुटतात, याचं वेगळं कारण शोधायला नको. कार्डखाली टेकू लावणं ही हौस नाही, गरज आहे.

दुसरा नंबर मॉसफेटचा. कधी तो उष्णतेने जातो, कधी कारखान्यातल्या सोल्डरिंगमुळे. जुलै २०२१मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या गेमच्या चाचणीदरम्यान खेळणाऱ्यांची आरटीएक्स ३०९० कार्डं मेली, तेव्हा आधी सगळ्यांनी गेमला शिव्या घातल्या. ईव्हीजीए कंपनीने परत आलेली सुमारे दोन डझन कार्डं एक्स-रेखाली तपासली, तर मॉसफेटभोवतीचं सोल्डरिंग निकृष्ट निघालं. गेमने फक्त जोर लावला होता.

बाकीचे गुन्हेगार किरकोळ, पण चुकवू नयेत असे. कूलर बसवताना निसटलेल्या स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा. हौसेने लावलेलं लिक्विड मेटल, ज्यात गॅलियम असतं आणि जे थेंबभर सांडलं तरी वीज वाहतं. कुठूनतरी आलेला सोल्डरचा मणी. आपल्याकडच्या कॅबिनेटांत झुरळं आणि पालीही मुक्काम करतात. मीटर उचलण्याआधी चांगल्या उजेडात भिंग लावून पाच मिनिटं पाहण्याचा सल्ला जुने कारागीर देतात तो त्यासाठी.

संशयित भाग काढला की पुन्हा मोजायचं. आकडा निरोगी झाला तर सापडला. इनपुटच्या वीस समांतर कपॅसिटरांतला एक काढून टाकला, तरी कार्ड चाचणीपुरतं चालतं, पण त्याच धारकतेचा आणि व्होल्टेजचा दुसरा बसवणंच योग्य. शिशाविरहित सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं आणि जाड ग्राउंडचे थर उष्णता शोषून घेतात, म्हणून पाटी खालून आधी तापवावी लागते. नुसती हॉट एअर गन वरून धरून बसलं, तर कपॅसिटर निघण्याआधी शेजारचं प्लॅस्टिक वितळतं.

आणि कॅमेऱ्यात मुख्य चिपच उजळली तर? घाई करू नये. चिपच्या बरोबर पाठीमागे कपॅसिटरांची दाटी असते आणि तिथली उष्णता पाटीतून आरपार येते. वीज सोडल्याच्या पहिल्या क्षणाला, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पाहायचं. आधी पाठ उजळली तर आशा आहे. आधी सिलिकॉन उजळलं, कोअरच्या कॉइल काढूनही चिपच्या बाजूचा रोध शून्यच राहिला, तर शॉर्ट चिपच्या आत आहे. मेमरीची चिप असेल तर ती बदलता येते. मुख्य चिप बदलणंही तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण नवी चिप सुटी मिळत नाही. दुसऱ्या मेलेल्या कार्डवरून काढावी लागते आणि तिचा भरवसा कुणी द्यायचा? जुन्या कार्डच्या बाबतीत तो व्यवहार क्वचितच परवडतो. अशा कार्डचे चांगले मॉसफेट आणि मेमरी दुसऱ्या कार्डांच्या कामी येतात. कारागीर त्याला डोनर म्हणून ठेवून घेतात.

दोन घरगुती उपायांबद्दल सांगायलाच हवं. एक म्हणजे कार्ड ओव्हनमध्ये भाजणं. २००८मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या चिपांच्या सदोष जोडसाहित्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्या काळात चिपखालचे सांधे तडकत आणि भाजल्यावर काही दिवस पुन्हा चिकटत, तिथून हा उपाय पसरला. तो तुटलेल्या जोडणीवरचा आहे आणि शॉर्ट म्हणजे नको असलेली जोडणी, तेव्हा भाजून शॉर्ट जाण्याचं काही कारणच नाही. दुसरा, भरमसाट प्रवाह सोडून शॉर्ट ‘जाळून मोकळा करणं’. कधी जमतो, पण कपॅसिटर जळताना पाटी जळते, त्या कोळशातून वीज वाहते आणि दुरुस्त होणारं कार्ड कायमचं जातं. हा जुगार दुसऱ्याच्या कार्डवर कुणी खेळू नये.

सप्टेंबर २०२२मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग संपलं आणि वर्षानुवर्षं राबवलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात उतरली. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असं कार्ड घेतलेल्या कुणाचं ते बंद पडलं, तर ‘एकदा पुन्हा लावून बघू’ हा मोह आधी आवरावा. १२ व्होल्टचा शॉर्ट असेल, तर प्रत्येक प्रयत्नात एसएमपीएसची आणि उरल्यासुरल्या मॉसफेटची परीक्षा होते. कार्ड काढून ठेवा आणि ‘चिप लेव्हल’ची पाटी लावलेल्या दुकानात जाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा: कोणत्या लाइनीवर किती ओहम मिळाले, आणि १२ व्होल्ट ते कोअर मोजलं का? आकडे सांगून, लिहून देणाऱ्याकडे कार्ड ठेवा. नुसती बीप ऐकवून ‘चिप गेली’ म्हणणाऱ्याकडून ते परत घेऊन या.